विंचसाठी कृत्रिम धाग्याचा रोप की स्टीलची वायर? जुन्या वायरला पीळ बसलाय, बदलायचीच आहे

ओलीवाट

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात ओढ्यातून एक गाडी बाहेर काढताना माझ्या विंचच्या (गाडीच्या पुढे बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) वायरला फास पडला. माझ्या लक्षात येईपर्यंत भार आला होता. आता त्या जागी वायर कोपरासारखी वाकलीय आणि तीन-चार तारा सुटून काट्यासारख्या उभ्या आहेत. सरळ करून पाहिली, होत नाही.

विंच ४,३०० किलो ओढीचा, प्लॅनेटरी गिअरचा (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाकं फिरतात तो). वायर ९.५ मिमी जाड, २८ मीटर लांब. गाडी सामानासकट २.४ टन. वर्षातून पाच-सहा वेळा विंच वापरतो, तोही बहुतेक चिखलात, ओढ्याच्या काठांवर आणि रानातल्या वाटांवर. गाडी वर्षभर उघड्यावर उभी असते.

पुन्हा वायरच घ्यावी की सिंथेटिक रोपवर जावं? जितक्यांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली. चांगलं कुठलं हा माझा प्रश्न नाही, माझ्या वापराला काय बरं पडेल ते समजून घ्यायचंय.

चढउतार

रोपच घ्या, दुसरा विचार करू नका. मी आठ वर्षं वायर ओढली आणि चार वर्षं रोप. चिखलात गुडघाभर रुतलेले असताना वायरचं टोक हातात धरून चढावरच्या झाडापर्यंत जा, म्हणजे फरक कळेल. ९.५ मिमीची वायर मीटरला साधारण ३६० ग्रॅम भरते. तुमचे २८ मीटर म्हणजे १० किलो झाले, हूक वेगळा. तेवढ्याच जाडीचा रोप दीड किलोच्या आसपास. पाण्यात पडला तर तरंगतो, ओढ्याच्या तळाशी जाऊन दगडात अडकत नाही.

हातमोजे फाडून तळव्यात घुसणाऱ्या तारा नाहीत, गंज नाही. आणि मुख्य म्हणजे रोप तुटला तर जागेवर पडतो, कुणाला काही होत नाही.

वंगणहात

चढउतार यांच्या बाकी मुद्द्यांशी सहमत, पण सगळ्यांनाच रोप घ्यायला सांगू नका. माझं रोजचं काम अडकलेली अवजड वाहनं काढायचं आहे. माझा दोर दिवसातून कितीदा तरी खडीवरून, दगडाच्या कडेवरून, लोखंडी चासीच्या खालून घासत जातो. तिथे रोप महिनाभरही टिकणार नाही. वायरचा वरचा जस्ताचा थर जातो, चार तारा तुटतात, पण काम चालू राहतं आणि खराब झालेली जागा डोळ्यांना दिसते.

दुसरं म्हणजे गाडी तासन् तास ताणून धरायची असेल, तर या रोपचा धागा सतत भाराखाली हळूहळू लांबत जातो. वायरचं तसं होत नाही.

ओलीवाट, तुमचा वापर माझ्यासारखा नाही. वर्षातून पाच-सहा वेळा, तेही चिखलात. तुम्हाला रोप चालेल. पण तो घेतल्यावर काळजी कोण घेणार, हे आधी ठरवा. वायर दुर्लक्ष सोसते, रोप सोसत नाही.

कप्पी_आणि_तरफ

चढउतार, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा आक्षेप आहे. "रोप तुटला तर कुणाला काही होत नाही" या समजुतीमुळेच माणसं रोपच्या रेषेत उभी राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोर ताणला की त्यात ऊर्जा साठते. किती साठते हे भार किती आणि दोर किती लांबला यावर ठरतं. हा रोप ज्याचा बनतो ते अतिशय लांब रेणूंचं पॉलिइथिलीन, म्हणजे डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी विकला जाणारा धागा. तो नायलॉनसारखा ताणत नाही, तुटेपर्यंतसुद्धा ३-४ टक्केच लांबतो. वायरही थोडीच लांबते. त्यामुळे एकाच ओढीखाली दोघांत साठलेल्या ऊर्जेत लोक समजतात तेवढा फरक नसतो.

खरा फरक वजनाचा आहे. रोप वायरच्या जवळपास सातव्या हिश्श्याइतका हलका. तीच ऊर्जा सातपट हलक्या वस्तूत असेल तर संवेग (वजन गुणिले वेग, म्हणजे धडकेचा जोर) अडीच पटींहून जास्त घटतो. शिवाय सुटलेल्या लडींना हवा अडवते. म्हणून रोपचा फटका लवकर मरतो. वायर मात्र स्वतःच्या वजनाने पुढे जात राहते, चाबकासारखी वळते आणि तिच्या टोकाला तुटक्या तारांचा झुपका असतो. इथवर रोपची बाजू भक्कम आहे.

पण दर वेळी दोरच तुटतो असं कुठे आहे? पुष्कळदा त्याच्या टोकाचं काहीतरी सुटतं. हूक, शॅकल (यू आकाराची जोडकडी), पट्ट्याची शिवण, समोरच्या गाडीला बोल्टने लावलेला ओढायचा कान. ते सुटलं की किलो-दोन किलो लोखंड दोराच्या ताणाने तुमच्याकडे येतं, आणि दोर रोपचा आहे की वायरचा याने त्या लोखंडाला फरक पडत नाही.

माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगतो. चिखलात पोटावर बसलेली गाडी मी रोपने ओढत होतो. समोरच्याने ओढायचा कान चासीला लावून घेतला होता, पण जोडकाम आत गंजलं होतं, बाहेरून रंग छान. तो कान शॅकलसकट उखडला आणि माझ्या बॉनेटला भोक पाडून काचेच्या खालच्या चौकटीला लागून थांबला. रोपला ओरखडाही नाही. मी आत, बॉनेट वर करून बसलो होतो म्हणून हे लिहितोय. रेषेपासून वीस पावलांवर उभा असलेला माझा भाचा त्याच्या पाच मिनिटं आधी रोप ओलांडून पलीकडे गेला होता. रोपच आहे, काही होत नाही, असं मीच त्याला शिकवलं होतं. त्या दिवसापासून मी ते वाक्य कुणाला बोलू देत नाही.

चढउतार

कप्पीदादा, वाचून अंगावर काटा आला. मान्य, मी फार सोपं करून लिहिलं. माझ्याकडे रोपच्या टोकाला अजून मोठा स्टीलचा हूक आहे. तो काढून रोपचाच फास आणि मऊ शॅकल वापरायचं गेले कित्येक महिने मनात आहे. आता करतोच.

कप्पी_आणि_तरफ

जरूर करा. मऊ शॅकल त्याच धाग्याचा असतो, वजन नगण्य. फक्त तो धारदार कडेच्या भोकात घालू नका, कड गोल केलेली हवी. आणि रोप असला तरी मधोमध ओलं पोतं, जाड चादर किंवा डँपर (दोर उसळू नये म्हणून त्यावर टाकायचं वजन) टाकायचाच. बाकीच्यांनी ताणलेल्या दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं आणि ताणलेला दोर कुणीही ओलांडायचा नाही.

ओलीवाट

सगळ्यांचे आभार. मन रोपकडे झुकतंय. दोन शंका. माझ्या बंपरला चार रोलरचा फेअरलीड (दोर ज्यातून बाहेर येतो ती चौकट) आहे, तोच ठेवला तर चालेल का? आणि प्लॅनेटरी विंचचा ड्रम (दोर गुंडाळायचं नळकांडं) तापून रोप वितळतो असं ऐकलं, ते कितपत खरं?

वंगणहात

रोलर ठेवू नका. हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगतोय.

घरच्या गाडीला रोप लावला तेव्हा जुने रोलर तसेच ठेवले होते. हाताने फिरवून पाहिले, छान फिरत होते. पण वर्षानुवर्षं वायर घासून रोलरवर बारीक चर पडले होते आणि चरांच्या कडा ब्लेडसारख्या झाल्या होत्या. वायरला त्याचं काही नाही, रोपला ती करवत. तिसऱ्या वापरातच बाहेरच्या लडी कापसासारख्या पिंजल्या. शिवाय तिरकं ओढताना उभा आणि आडवा रोलर मिळतात त्या कोपऱ्यातल्या फटीत रोप शिरतो आणि चिमटतो. नवा कोरा रोप मी असा वाया घालवला.

रोपसाठी हॉज फेअरलीड लावा, म्हणजे गोल ओठांची सलग पट्टी. ॲल्युमिनियमची असते, गुळगुळीत आणि हलकी. ओठ जाड आणि मोठ्या गोलाईचा बघून घ्या. पातळ ओठावर रोप काटकोनात वळला की तिथेच घासतो आणि दबतो. उलट प्रकारही करू नका. ॲल्युमिनियमच्या हॉजमधून एकदा जरी वायर ओढलीत तरी तो खरवडतो, मग रोपसाठी निकामी.

ड्रमही पाहा. वायर काढल्यावर ड्रमच्या पृष्ठभागावरून आणि दोन्ही बाजूंच्या चकत्यांवरून चिंधी फिरवा. जिथे चिंधी अडकेल तिथे रोपही अडकणार. कानस आणि मग बारीक पॉलिश पेपर. माझं हे काम दीड तास चाललं होतं, तुमचंही तेवढं चालेल. घाई करू नका.

रानवाट

तापण्याबद्दल मी लिहिते. माझा हात या धाग्यावर बोटींच्या कामात बसला, गाडीवर तो नंतर आला.

हा धागा १४५ ते १५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, पण चिंता वितळण्याची नाही. ७० अंशांच्या पुढे त्याची ताकद घटू लागते आणि ते बाहेरून दिसत नाही. तुमच्यासारख्या बऱ्याच प्लॅनेटरी विंचांत ब्रेक ड्रमच्या पोटात असतो. दोर आत ओढताना तो ब्रेक मोकळा असतो, त्यामुळे नुसत्या ओढण्याने फार तापत नाही. भार असताना दोर बाहेर सोडलात, म्हणजे उतारावरून गाडी विंचवर तोलत खाली उतरवलीत, की ब्रेक घासत राहतो आणि ती सगळी उष्णता ड्रमला, तिथून सर्वांत आतल्या थराला जाते. तोच थर डोळ्यांआड असतो.

तेव्हा ओलीवाट, हे आठवून पाहा. तुम्ही विंचवर गाडी खाली सोडता का? नसाल सोडत तर आतल्या थरावर उष्णतारोधक बाही असलेला रोप घ्या आणि निश्चिंत राहा. नेहमी सोडत असाल तर वायर ठेवा, किंवा ब्रेक ड्रमच्या बाहेर असलेला विंच बघा. प्रत्येक ओढीनंतर ड्रमच्या कडेच्या चकतीला हाताची पाठ लावून पाहायची सवय ठेवा. हात ठेववत नसेल तर थांबायचं.

ओलीवाट

रानवाटताई, उतारावर सोडायची वेळ दोनदाच आली असेल, तीही दहा-बारा फुटांची. बाही असलेलाच घेईन. चिखलाचं काय? माझा सगळा वापर चिखलातच आहे.

रानवाट

चिखल हाच रोपचा खरा शत्रू. ऊन त्याच्या नंतर.

हा रोप बारा लडींची पोकळ वेणी असतो. चिखलातली बारीक वाळू लडींच्या मधे जाऊन बसते. पुढच्या वेळी भार आला की लडी एकमेकींवर सरकतात आणि आतली वाळू त्यांना आतूनच कापते. बाहेरून रोप ठीक दिसतो. म्हणून चिखलातून आलात की पूर्ण रोप उलगडायचा, बादलीत साध्या पाण्यात बुडवून हाताने चुरायचा. रोपच्या दोन बाजू एकमेकींकडे ढकलल्या की वेणी फुगते आणि गाळ बाहेर पडतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला. प्रेशर वॉशर नको, तो वाळू आणखी आत मारतो. मग सावलीत सुकवून पुन्हा ताणून गुंडाळा. कडाक्याच्या थंडीत ओला रोप ड्रमवर गोठून दगडासारखा होतो, तिथे सुकवणं आणखी गरजेचं.

उन्हाने बाहेरचा थर हळूहळू कमजोर होतो. गाडी उघड्यावर असते म्हणालात, तर विंचला जाड कापडी आच्छादन घाला.

आता तपासणी. नवा रोप थोड्या वापरानंतर वरून मऊ लव धरतो, त्याला घाबरू नका. ती लव आतल्या धाग्यांना जपते. घाबरायचं ते कडक, चकचकीत झालेल्या जागेला. ती जागा दोन्ही हातांत धरून वाकवा, चुरा. मऊ होऊन पूर्ववत झाली तर ती नुसती दाबाने बसली होती. कडकच राहिली, आत थेंबासारखं गोठलेलं लागलं, तर तिथे धागा वितळलाय. तो तुकडा कापून काढायचा. एखादी लड निम्मी तुटलेली दिसली तरी तेच.

आणि इथेच रोप मला वायरपेक्षा प्यारा आहे. कापलेला रोप तुम्ही रानात बसून पुन्हा जोडू शकता. पोकळ वेणी असल्यामुळे एक टोक दुसऱ्याच्या पोटात ओवायचं. भार आला की बाहेरची वेणी आवळते आणि आतल्या टोकाला पकडते. ओवायची लांबी साधारण व्यासाच्या ७२ पट, म्हणजे १० मिमी रोपला ७२ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंनी. ओवलेलं टोक निमुळतं करत न्यायचं, म्हणजे जाडी एकदम बदलत नाही. ओवायची पोकळ सुई गाडीत ठेवा. वेळ आली तर पेनाची रिकामी नळी आणि चिकटपट्टीनेही काम होतं, मी केलंय.

गाठ मात्र मारू नका. हा धागा इतका गुळगुळीत आहे की नेहमीच्या गाठी सरकतात, आणि बसलीच तर रोपची निम्मी ताकद गाठीतच जाते.

वंगणहात

ताईंनी फार नीट सांगितलं. ज्यांना वायरच ठेवायची आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. वायरचं मरण गंजापेक्षा पिळात जास्त असतं. फास दिसला की भार येण्याआधी थांबून सोडवा. ओलीवाटसारखा एकदा भार आला की आतल्या तारा कायमच्या वाकतात, हातोडीने सरळ केलेली वायर म्हणजे फसवणूक. वाटेत जोडायची वेळ आली तर टोकाचा फास यू-क्लॅम्पने बांधता येतो. त्यात खोगिराची (यू-बोल्ट ज्यात बसतो त्या खाचेच्या तुकड्याची) बाजू भार घेणाऱ्या लांब वायरवर आणि यू-बोल्ट आखूड टोकावर. उलट लावला तर यू-बोल्ट भाराची वायर चेचतो. नीट लावूनही साधारण ८० टक्केच ताकद धरा. वायर कधीही उघड्या बोटांतून सरकवू नका, चामड्याचे हातमोजे हवेतच.

नांगरपाटा

माझा वापर वेगळा आहे, भर घालतो. चारचाकी छोट्या गाडीला पुढे बर्फ लोटायचा पाटा आहे, तो विंचने दिवसभर वर-खाली करतो. दोराचे तेच दोन-तीन फूट शेकडो वेळा वाकतात. साधा रोप तिथे फार लवकर गेला. आता तेवढ्यापुरती जाड आखूड पट्टी लावतो. असा वापर असलेल्यांनी वरचे रोपचे कौतुक जपून घ्यावे.

चढउतार

एक मधला मार्ग कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. विंचवर वायर तशीच ठेवून पुढे जोडायला वेगळा रोप ठेवता येतो. खडकाळ भागात उलट करतात, ड्रमवर रोप आणि दगडावर घासणाऱ्या भागात जाड बाही. झाडाला मात्र दोन्हींपैकी काहीही थेट गुंडाळू नका. रुंद पट्टाच वापरा, सालही वाचते आणि दोरही.

ओलीवाट

ताकदीचा प्रश्न राहिला. पत्रकावर रोपची तुटण्याची ताकद वायरपेक्षा जास्त लिहिलीय. मग ८ मिमीचा बारीक रोप घेऊन लांबी वाढवू का?

कप्पी_आणि_तरफ

नको. ९.५ मिमीची जस्त चढवलेली चांगली वायर ६.५ टनांच्या आसपास तुटते आणि त्याच जाडीचा चांगला रोप ८ टनांच्या पुढे, हे बरोबर. पण तो आकडा नव्या, स्वच्छ, सरळ ओढलेल्या रोपचा. रोप घासून झिजतो, म्हणून सुरुवातीची जादा ताकद ही तुमची झिजेची शिल्लक समजा, ती आधीच खर्च करू नका. १० मिमीच घ्या.

लांबीबद्दलही सांगतो. विंचवर लिहिलेली ४,३०० किलोची ओढ फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराला लागू असते. थर वाढला की त्रिज्या वाढते आणि ओढ घटते. ६४ मिमीचा ड्रम आणि ९.५ मिमीचा दोर धरून ढोबळ हिशोब केला तर दुसऱ्या थरावर ७९ टक्के, तिसऱ्यावर ६६, चौथ्यावर ५६ टक्के उरते. म्हणजे चौथ्या थरावर तुमचा विंच २,४०० किलोचाच, जेमतेम गाडीच्या वजनाइतका, आणि चिखलाची पकड त्याहून जास्त असू शकते. म्हणून दोर जास्तीत जास्त उलगडा. झाड जवळच असेल तर कप्पी लावून दुहेरी करा. ओढ जवळपास दुप्पट होते आणि जास्त दोर बाहेर आल्याने तुम्ही खालच्या थरावर येता, दोन्ही फायदे एकदम. फक्त कप्पी ज्याला बांधली त्यावर दुप्पट भार येतो, तो पट्टा आणि शॅकल तेवढ्या ताकदीचे हवेत.

ओलीवाट

आज सगळं काम उरकलं. १० मिमी रोप, २८ मीटर, आतल्या थरावर उष्णतारोधक बाही आणि पुढे सरकती घर्षणाची बाही. रोलर काढून हॉज लावला. वंगणहात म्हणाले तशी ड्रमवर चिंधी फिरवली, एका चकतीच्या आतल्या कडेला तीन ठिकाणी अडकली. कानस लावून साफ केली.

एक विचारायचंय. पहिल्यांदा गुंडाळताना ताण किती ठेवायचा, आणि ड्रमवर किमान किती वेढे राहू द्यायचे?

रानवाट

सपाट जागेवर रोप पूर्ण उलगडा, टोक एखाद्या पक्क्या खांबाला लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. आत बसलेल्याने ब्रेक हलका दाबत गाडी विंचवर पुढे येऊ द्यायची. सव्वादोनशे किलोच्या आसपास ताण पुरतो. सैल गुंडाळलात तर पहिल्याच मोठ्या ओढीत वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसेल आणि बाहेर निघणार नाही.

वेढे किमान दहा. वायरला पाच चालतात कारण ती खरखरीत असते, रोप गुळगुळीत आहे. ड्रमवरचा स्क्रू भार धरत नाही, वेढ्यांचं घर्षण धरतं. दहावा वेढा कुठे येतो तिथे रोपवर रंगीत धाग्याची खूण शिवून ठेवा, चिखलात मोजत बसावं लागत नाही.

ओलीवाट

लाल धागा शिवला, दहा वेढ्यांवर आणखी एक हात पुढे. ताण देऊन गुंडाळलं, वेढे एकाला एक लागून बसलेत.

कप्पीदादा, तुमचा अनुभव वाचल्यापासून डोक्यातून जात नव्हता, म्हणून जाता जाता माझ्या गाडीचे ओढायचे दोन्ही कान खोलून पाहिले. पुढचा ठीक आहे. मागच्याच्या चार बोल्टांपैकी एक हाताने फिरत होता आणि पट्टीच्या मागे गंजाचे पापुद्रे निघाले. नवी पट्टी आणि नवे बोल्ट लावून होईपर्यंत मागून कुणाला ओढू देणार नाही.

कप्पी_आणि_तरफ

छान केलंत. नवी पट्टी चासीच्या आतल्या बाजूने आधाराची प्लेट देऊनच लावा, आणि लावून झाली की फोटो टाका.